अतिनील प्रकाश, मास्क आणि उष्ट्याचा प्रश्न

दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू कोणाच्या वाट्याला येते, यावरून समाजाची उतरंड ओळखता येते. उष्टे अन्न, मढ्यावरचे कापड, मालकाच्या अंगावरून उतरलेला फाटका सदरा, या वस्तूंचा प्रवास आपल्या गावगाड्यात नेहमी वरून खालीच झाला. त्यामुळे 'पुनर्वापर' हा शब्द आज काटकसरीचा आणि पर्यावरणाचा शब्द म्हणून कितीही प्रतिष्ठित झालेला असो, आपल्या कानाला तो जरा वेगळा लागतो. २०२० साली करोनाच्या साथीत हा शब्द रुग्णालयांत शिरला तो एन-९५ मास्कच्या निमित्ताने. वापरलेला मास्क अतिनील प्रकाशाखाली ठेवायचा, त्यावरचे जंतू मारायचे आणि तो पुन्हा तोंडावर चढवायचा, अशी ती योजना होती. मी त्या काळात एका सार्वजनिक रुग्णालयाच्या जंतुशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो आणि काही महिने हे काम माझ्याकडे होते. या पद्धतीत विज्ञान किती, भाबडेपणा किती आणि अन्यायाला वाव किती, हे तीन प्रश्न मला तेव्हा एकत्रच भेटले. त्यांची फोड करून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मास्कविषयी. एन-९५ हा मास्क म्हणजे जाड कापडाचा तुकडा नव्हे. त्याच्या नावातील ९५ हा आकडा असे सांगतो की सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराचे, म्हणजे अडवायला सर्वांत कठीण असे कण तो किमान ९५ टक्के अडवतो. 'एन' या अक्षराचा अर्थ, तेलकट कणांपुढे त्याची हमी नाही. ही प्रमाणपद्धती अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते की मास्क चाळणीसारखा काम करतो. तसे असते तर करोनाचा विषाणू त्यातून सहज निसटला असता. कारण विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा आणि मास्कच्या धाग्यांमधील फटी त्याच्या कितीतरी पट मोठ्या. मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे अतिशय बारीक धागे असतात. प्लास्टिक वितळवून, गरम हवेच्या झोताने फुंकून ते तयार करतात आणि त्यांत स्थिर विद्युतभार कोंडून ठेवतात. लोकरीवर घासलेला कंगवा जसा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे धागे हवेतील कण ओढून धरतात. तैवानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ पीटर त्साय यांनी अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात १९९० च्या दशकात ही विद्युतभाराची पद्धत विकसित केली. साथ आली तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण मास्क पुन्हा कसा वापरता येईल याच्या अभ्यासासाठी ते परत कामाला लागले.

या विद्युतभारातच सारी अडचण आहे. मास्क साबणाच्या पाण्यात धुतला किंवा त्यावर अल्कोहोल फवारले की जंतू मरतील, पण भारही उतरेल. बाहेरून मास्क स्वच्छ आणि कोरा करकरीत दिसेल, आतून मात्र तो साध्या फडक्याच्या पंक्तीला येऊन बसेल. जंतू मेले पाहिजेत, भार टिकला पाहिजे, आकार बिघडता कामा नये आणि घातक रसायन मागे राहता कामा नये, अशा चारही अटी पाळणारी पद्धत हवी होती. त्या शोधात ज्या मोजक्या पद्धती पुढे आल्या, त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ होती, ओलसर उष्णता होती आणि अतिनील प्रकाश होता.

प्रकाशाने जंतू मरतात हे ज्ञान जुने आहे. १८७७ साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते असे दाखवले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातील हवा नळांतून गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेली. ज्या गिनीपिगांना ती हवा तशीच मिळाली त्यांतील अनेकांना क्षय झाला. ज्यांच्याकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील प्रकाश सोडला होता, ते वाचले. क्षयाने ज्यांच्या वस्त्या आणि चाळी पोखरल्या, त्या आपल्या लोकांनी हा प्रयोग मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

अतिनील किरणांचे तीन प्रकार आहेत. जंतू मारण्यासाठी वापरतात तो 'सी' प्रकार. त्याची तरंगलांबी २८० नॅनोमीटरपेक्षा कमी असते. पाऱ्याच्या वाफेच्या नळीतून निघणारे २५४ नॅनोमीटरचे किरण याच प्रकारात मोडतात. हे किरण विषाणूच्या आतील जनुकीय धाग्यावर आघात करतात. करोनाच्या विषाणूत हा धागा आरएनएचा असतो. त्यातील शेजारशेजारची युरॅसिल नावाची घटके किरणांमुळे एकमेकांना चिकटतात आणि धाग्याची प्रत निघू शकत नाही. विषाणू जागेवरच असतो, पण त्याचा वंश खुंटतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सूर्याच्या प्रकाशातही 'सी' किरण असतात, पण वातावरणातील ओझोन ते सगळे वरच शोषून घेतो. म्हणून मास्क दोरीवर उन्हात वाळत घातला म्हणजे त्याला अतिनील प्रक्रिया झाली असे होत नाही. ऊन वरवर काही काम करते. पण किती केले हे मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्यावर नर्सचा किंवा वॉर्डबॉयचा जीव टांगून ठेवता येत नाही.

मोजमाप हाच या पद्धतीचा कणा आहे. किरणांची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, अशी मोजतात. उघड्या गुळगुळीत पृष्ठभागावरील करोनाचा विषाणू काही मिलिज्यूल मात्रेने निष्प्रभ होतो. मास्कसाठी मात्र दर चौरस सेंटिमीटरला किमान १ ज्यूल, म्हणजे १००० मिलिज्यूल मात्रा हवी, असे शास्त्रज्ञांचे साधारण मत झाले. एवढा फरक का? कारण मास्क अनेक थरांचा असतो. प्रत्येक थरात किरण क्षीण होत जातात. आतल्या थरात दडलेल्या विषाणूपर्यंत चिमूटभर किरण पोचावेत म्हणून वरून ओंजळभर ओतावे लागतात.

हिशेब सोपा आहे. किरणांची तीव्रता गुणिले वेळ म्हणजे मात्रा. मास्कच्या पृष्ठभागावर तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिवॉट असेल, तर १ ज्यूल मात्रेसाठी ५०० सेकंद लागतात, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. नळी जुनी होऊन तीव्रता १ मिलिवॉटवर आली, तर वेळ दुप्पट, १६ मिनिटे ४० सेकंद. नळीपासून मास्क दूर नेला तरी तीव्रता घटते. शिवाय ही मात्रा दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे द्यावी लागते. म्हणून 'पेटीत १० मिनिटे ठेवा' हे वाक्य अर्धवट आहे. कोणती नळी, किती जुनी, किती अंतरावर आणि मापकाने मोजलेली तीव्रता किती, हे सांगितल्याशिवाय त्या १० मिनिटांना अर्थ नाही. जुनी नळी पूर्वीसारखीच निळी दिसते, पण तिचे न दिसणारे किरण उतरलेले असतात. जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. दिसतो तो निळसर उजेड केवळ सोबतीचा. बाजारात साथीच्या काळात निळे दिवे बसवलेल्या पेट्या आणि हातात धरायच्या कांड्या भरपूर विकल्या गेल्या. निळा रंग पाहून विश्वास ठेवणे आणि गंडा पाहून विश्वास ठेवणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. हे किरण सरळ जातात, कोपऱ्यात वळत नाहीत. साधी काचही त्यांना अडवते. मास्कची घडी, नाकावरच्या पट्टीखालची चीर, दुमडलेला इलॅस्टिकचा पट्टा, जिथे सावली पडते तिथे जंतू सुरक्षित राहतो. रक्त, थुंकी, घाम, चेहऱ्याला लावलेली क्रीम यांचा थर बसला तर तीही सावलीच. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ प्रकारच्या एन-९५ मास्कवर इन्फ्लुएन्झाचा विषाणू लावून १ ज्यूल मात्रा दिली गेली. मास्कच्या मुख्य भागावर विषाणू हजारात एक इतका खाली आला, तो १५ पैकी १२ प्रकारांत. पट्ट्यांवर तेच यश फक्त ७ प्रकारांत मिळाले. म्हणूनच पट्टे वेगळे पुसावे लागतात. आणि मास्कचा प्रत्येक प्रकार वेगळा तपासावा लागतो. एकाला लागू पडले ते दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

तिसरी गोष्ट मास्कच्या आयुष्याची. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या प्रयोगांत मास्कना १२० ज्यूलपासून ९५० ज्यूलपर्यंत प्रचंड मात्रा देऊन पाहिली. गाळण्याची क्षमता फारशी घटली नाही, पण थरांचे बळ मोठ्या मात्रांना खूपच कमी झाले. १ ज्यूलच्या हिशेबात मास्क किरणांनी लवकर मरत नाही. तो मरतो चढवण्या-उतरवण्याने. पट्टे सैल पडतात, नाकावरची पट्टी धरत नाही आणि गालाशी फट पडते. त्या फटीतून हवा शिरू लागली की ९५ हा आकडा केवळ वेष्टनावर उरतो. साथीच्या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक मास्क साधारण पाचपेक्षा अधिक वेळा चढवू नये असे सुचवले, त्याचे कारण हेच.

आणि एक सावधगिरी माणसाची. उघड्या डोळ्यांवर व कातडीवर दिवसभरात पडू द्यायच्या २५४ नॅनोमीटर किरणांची आंतरराष्ट्रीय मर्यादा दीर्घकाळ ६ मिलिज्यूल धरली गेली. मास्कला द्यायची मात्रा तिच्या दीडशेपटीहून अधिक आहे. उघड्या दिव्यासमोर थोडा वेळ राहिले तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. हात किंवा कातडी निर्जंतुक करण्यासाठी हे दिवे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले ते यासाठीच.

येथवरचा भाग विज्ञानाचा झाला. पण 'शुद्ध करणे' ही क्रिया आपल्या देशात कधीच केवळ विज्ञानाची नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण ओतून ते तळे 'शुद्ध' केले. त्या शुद्धीला माप काय होते? पाण्यात कोणता जंतू होता आणि १०८ घागरींनंतर तो किती उरला? हे प्रश्नच तिथे गैरलागू होते. कारण तो विटाळ पाण्यात नव्हता, ओतणाऱ्यांच्या मनात होता. विज्ञानातील दूषितपणा याच्या अगदी उलट असतो. तो मोजता येतो, तो वस्तूचा असतो आणि मात्रा पुरी झाली की संपतो. विषाणू डॉक्टरच्या श्वासातून आला की झाडूवालीच्या, हे २५४ नॅनोमीटरच्या किरणाला कळत नाही. या अर्थाने निर्जंतुकीकरणाची पेटी मला मोठी समतावादी वाटत आली आहे.

पण पेटी समतावादी असून भागत नाही. पेटीतून निघालेला मास्क कोणाच्या हाती जातो, हे पेटी ठरवत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मास्कचा तुटवडा होता. कायम नोकरीतील डॉक्टर आणि सिस्टर यांना एन-९५ मिळत होते. कंत्राटी सफाई कामगारांच्या हाती साधा तीन पदरी मास्क होता, आणि त्याच वॉर्डातील कचरा, लघवीची भांडी आणि मृतदेह हलवण्याचे काम त्यांच्याकडेच होते. या कामगारांत कोणत्या वस्त्यांतील आणि कोणत्या जातींतील माणसे होती, हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. अशात एका बैठकीत सूचना आली, की डॉक्टरांनी वापरलेले मास्क अतिनील प्रक्रियेनंतर सफाई कामगारांना द्यावेत. सूचना करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे, हा त्याचा विचार. उष्ट्याचे समर्थन पिढ्यान्‌पिढ्या याच वाक्याने झाले आहे.

त्या सूचनेला उत्तर द्यायला भावनेची गरज पडली नाही, विज्ञान पुरेसे होते. अतिनील प्रक्रियेचा मूलभूत नियम असा की मास्क ज्याचा त्यालाच परत गेला पाहिजे. मास्क एका चेहऱ्यावर घट्ट बसतो. नाकाची पट्टी त्या नाकाला वळलेली असते, पट्टे त्या डोक्याला ताणलेले असतात. दुसऱ्या चेहऱ्यावर तो बसेलच याची खात्री नाही. शिवाय १ ज्यूल मात्रेने विषाणू कमी होतो, पण प्रत्येक जंतू मरत नाही. काही जिवाणूंची बीजाणुरूपे चिवट असतात आणि सावलीत काही ना काही उरतेच. उरलेले ज्याचे त्याला परत मिळाले तर धोका कमी. अमेरिकेतील नेब्रास्काच्या वैद्यकीय केंद्राने मार्च २०२० मध्ये अतिनील दिव्यांचे मनोरे खोलीत उभे करून ही पद्धत सुरू केली, तेव्हा तिथेही मास्कवर नाव लिहून तो त्याच व्यक्तीला परत करण्याचा दंडक होता. आमच्या प्रमुख सिस्टरांनी हा नियम बैठकीत ठामपणे मांडला. सूचना मागे पडली आणि सफाई कामगारांची नावे नव्या एन-९५ च्या यादीत आली.

पुढे त्यांचेही मास्क माझ्या पेटीत येऊ लागले. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक मावशी पहिल्या दिवशी कागदी पिशवी हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"भाऊ, हा आधी कुणाच्या तोंडाला होता?"

"तुमच्याच, मावशी. पिशवीवर नाव बघा, मास्कवरही आहे."

त्यांनी दोन्ही ठिकाणचे नाव अक्षर अक्षर लावून वाचले आणि म्हणाल्या, "मग चालंल. माझंच असंल तर चालंल."

निर्जंतुकीकरणाची सारी नियमावली या शेवटच्या वाक्यात येते. माझेच असेल तर ती काटकसर आहे. दुसऱ्याचे उतरलेले माझ्या माथी मारले तर ते उष्टे आहे, मग त्यावर कितीही ज्यूल ओतलेले असोत.

ही पद्धत तुटवड्याची पद्धत होती, हेही विसरता कामा नये. एन-९५ मास्क मुळात टाकून देण्यासाठीच बनवलेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने साथीत मास्क निर्जंतुक करणाऱ्या यंत्रणांना आणीबाणीची परवानगी दिली होती. पुरवठा सुधारताच जून २०२१ मध्ये ती काढून घेतली. आणीबाणी संपली की आणीबाणीचे नियमही संपले पाहिजेत. आपल्याकडे अनुभव असा की वरच्यांची आणीबाणी संपते आणि खालच्यांची तशीच चालू राहते. क्षयाच्या वॉर्डात एकच मास्क त्याच माणसाने काही पाळ्या वापरण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला आधारही आहे, कारण क्षय हवेतून पसरतो, मास्कला हात लागल्याने नव्हे. पण मास्क ओला झाला, मळला, पट्टा सैल झाला, की तो टाकलाच पाहिजे. 'पेटीत ठेवला होता' हे नवा मास्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही. गटारात आणि मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साचतात आणि प्राणवायू कमी होतो. तिथे एन-९५ मास्क, नवा असो की निर्जंतुक केलेला, काडीचाही उपयोगाचा नाही. माणसाला गटारात उतरवून हाताने सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. तरीही कोणी मुकादम तोंडाला मास्क बांधून 'आता उतर' म्हणत असेल, तर तो संरक्षण देत नाही, मरणाला पाठवतो आहे. हे प्रत्येक वस्तीत सांगितले गेले पाहिजे.

मास्कचा शेवटचा प्रवासही पाहू. रुग्णालयातील वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत जायचा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा करोनाकाळातील नियम होता. घरातला टाकाऊ मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवावा आणि कापून मग कचऱ्यात टाकावा, असेही मंडळाने २०२० मध्ये सांगितले. कापण्याचे कारण उघड आहे. अखंड मास्क कोणीतरी धुऊन पुन्हा विकतो आणि तो पुन्हा गरिबाच्याच तोंडावर येतो. ७२ तासांचे कारणही उघड आहे. आपण दारात टाकलेली पिशवी सकाळी कोणाचे तरी उघडे हात उचलणार असतात. तीन दिवस थांबणे आणि कात्रीचा एक फटका, एवढी त्या हातांची कदर कोणालाही करता येते.

तेव्हा आपल्यापैकी जे रुग्णालयांत, नगरपालिकांत, कचरा डेपोंवर काम करतात, त्यांनी वापरलेला मास्क परत मिळाला तर चार प्रश्न विचारावेत. हा माझाच आहे का, आणि त्यावर माझे नाव आहे का? किरणांची मात्रा मापकाने मोजली का, आणि त्याची नोंद कुठे आहे? हा कितव्यांदा चढवतो आहे? आणि साहेबही आपला मास्क असाच परत घेतात का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जंतुशास्त्र देऊ शकते. चौथ्याचे उत्तर मास्कवाटपाच्या वहीत असते. ती वही पाहायला मागण्याचा अधिकार झाडूवाल्या मावशींनाही आहे, हे कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांत लिहून घ्यावे.